काळी चार

माझा कान साधा आहे.
हे ओतार मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
चियातुरातल्या त्या तळघरात, जिथे ते
पियानोची पोटं उघडून बसत
आणि चहात साखर घालायला विसरत.
"नतेला," ते म्हणाले, "तुझा कान बाजारात जाण्यापुरता आहे.
भाव ऐकू येईल. सूर नाही."
मी हसले. घरी जाऊन रडले नाही, भांडी घासली.
दुसऱ्या दिवशी परत गेले.

का गेले, हे अजून नीट सांगता येत नाही.
लाकडाचा वास होता. सरस, जुनी लोकर,
एका पियानोत उंदराने केलेलं घर,
त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेणबत्तीचा तुकडा.
दोनशेवर तारा, आणि प्रत्येकीला
एकेकटं गाठून विचारायचं, बाई, तू कुठे आहेस?
असं विचारण्यात दिवस जायचा
आणि अंधार पडल्यावर कळायचं, जेवायचं राहिलं.

झुराबचा कान मात्र वरून आलेला.
खाणीवर जाणाऱ्या पाळण्याची करकर ऐकून सांगायचा,
आज वंगण कमी पडलंय, पांढरी तीनला घासतोय.
त्याने किल्ली फिरवली की तार मुकाट्याने घरी येई.
मी घड्याळ घेऊन बसायचे.
दोन सूर जवळ आले की त्यांच्यामध्ये एक थरथर उठते,
ती मोजता येते.
पाच सेकंदांत तीन.
पाच सेकंदांत चार, म्हणजे चुकलं, पुन्हा.
झुराब म्हणे, तू फुलाचा वास घेत नाहीस,
पाकळ्या मोजतेस.
खरंच होतं ते.

मग मास्तरांनी ती गोष्ट शिकवली:
पियानोत जवळजवळ काहीच पुरतं खरं ठेवायचं नसतं.
प्रत्येकाने थोडं थोडं खोटं व्हायचं,
तेव्हा सगळे एका घरात नांदतात.
झुराबला ते सोसेना. दात शिवशिवायचे त्याचे.
आता तो कुटाइसीत फरशा विकतो
आणि, ऐकते, मजेत आहे.
मला ते खोटं ऐकूच येत नव्हतं.
कानामागून आले, तिखट काही झाले नाही.
राहिले, एवढंच.

आज शाळेत सहा तास.
थंडीने आक्रसलेलं लाकूड, आणि जमीन इतकी उतरती
की पियानोच्या चाकाखाली भूमितीची दोन पुस्तकं.
नाचता येईना त्याचं अंगण वाकडं म्हणतात;
माझं अंगण खरोखरच वाकडं होतं,
आणि नाचताही येत नव्हतं.
शेवटी झाकण लावलं. मुख्याध्यापिकाबाईंनी
अक्रोडांची पिशवी दिली, पैसे पुढच्या महिन्यात.
तेवढ्यात दारातली मुलगी, नऊएक वर्षांची,
पुढचे दोन दात पडलेली, म्हणाली,
"काळी चार अजून रुसलीये."

मी वाजवली. मला बरी वाटली.
घड्याळ काढलं. मोजलं.
रुसली होती.

अठरा वर्षं. आणि ही पोर, पाठीवर दप्तर.
पोटात जुनं काहीतरी हललं; त्याला मी ओळखते,
नावाने हाक मारत नाही.
मग तिच्या हातात किल्ली दिली.
जड आहे, दोन्ही हातांनी धर, अगदी केसाएवढी.
ती वळवत होती, मी मोजत होते.
चार. तीन.
"आता," ती म्हणाली.
मी अजून मोजतच होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच वाजते आहे,
इंजिन तिच्याहून किंचित खाली.
मधली थरथर मोजते आहे मी, मांडीवर अक्रोड,
पाच सेकंदांत नऊ.
उद्या दवाखान्यातला पियानो.
तिथली जमीन सपाट आहे म्हणे.